बंद खाणीतला दगड आणि त्याचा पत्ता



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते त्या सरांनी आयुष्यभर भूगर्भशास्त्र शिकवलं. त्यांच्या नावाने बोलायचं तर विषय दगडाचाच असायला हवा. म्हणून मी हा प्रश्न निवडला : बंद पडलेल्या खाणींमध्ये हिंडताना तिथली खनिजं गोळा करावीत का? आणि करायची असतील तर कोणत्या अटींवर?

विषय मूठभर छंदिष्टांचा आहे, असं कुणाला वाटेल. परदेशात तसं म्हणता येईल कदाचित. महाराष्ट्रात नाही. आपली शहरं, धरणं, रस्ते, रेल्वेचे पूल ज्या काळ्या पाषाणातून उभे राहिले, त्या पाषाणाच्या खाणी बहुतेक तालुक्यांत आहेत. बंद पडलेल्याही ठिकठिकाणी आहेत. आणि याच पाषाणाच्या पोटात जगातली अत्यंत सुंदर खनिजं आहेत. लंडनच्या संग्रहालयात, अमेरिकेतल्या टूसॉनच्या जत्रेत, जर्मनीतल्या काचेच्या कपाटांत ती मांडलेली असतात. आपल्या गावात मात्र त्यांना गारगोट्या म्हणून बाजूला टाकतात. त्यामुळे हा प्रश्न आपल्या दारातला आहे.

आधी थोडं शास्त्र. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी इथे लाव्हाचे थर एकावर एक साचत गेले. आज शिल्लक असलेलं त्यांचं क्षेत्र पाच लाख चौरस किलोमीटरच्या आसपास भरतं. लाव्हा थिजताना त्यात अडकलेल्या वायूंच्या पोकळ्या राहिल्या. पुढे खडकाच्या भेगांतून गरम पाणी फिरत राहिलं. त्या पाण्याने खडकातली द्रव्यं विरघळवली आणि पोकळ्यांच्या आतल्या भिंतींवर स्फटिकांच्या रूपात बसवली. स्टिलबाइट, ह्यूलँडाइट, स्कोलेसाइट ही झिओलाइट गटातली मंडळी. त्यांच्या सोबतीला अपोफिलाइट, कॅल्साइट, प्रेहनाइट. एक लक्षात घ्या, हे सगळं लाव्हाबरोबरच झालं असं नाही. महाराष्ट्रातल्या अपोफिलाइटचं वय मोजलं, तेव्हा त्यातले काही स्फटिक लाव्हा थंड झाल्यावर कोट्यवधी वर्षांनी वाढलेले निघाले. खडकाचं वय एक आणि त्याच्या पोटातल्या स्फटिकाचं वय दुसरं. ही गोष्ट कळली, कारण ते स्फटिक कुठल्या खाणीतले हे कुणीतरी लिहून ठेवलं होतं. या मुद्द्याकडे मी पुन्हा येणार आहे, कारण आज मला जे सांगायचं आहे ते त्याच्याच भोवती आहे.

झाड तोडलं तर दुसरं लावता येतं. मासे संपले तर काही वर्षं जाळी बंद ठेवून ते परत येतील अशी आशा धरता येते. पोकळीतला स्फटिक काढला की त्या पोकळीपुरता विषय संपला. इथून पुढे जे बोलतो आहे त्याच्या मुळाशी एवढंच आहे.

आता पहिला मोठा मुद्दा. कुठल्याही संग्राहकाला विचारा, "हा दगड तुम्ही का काढलात?" उत्तर ठरलेलं असतं : "काढला नसता तर नष्ट झाला असता. मी तो वाचवला."

हे उत्तर खोटं नाही. चालू खाणीत तर ते अगदी खरं आहे. सुरुंगाची भोकं पाडतात, बार उडतो, धूळ खाली बसते आणि समोरच्या कड्यात एखादी पोकळी उघडी पडते. आत बोटभर लांबीचे अपोफिलाइटचे स्फटिक उभे असतात. पोकलेन येईपर्यंत तेवढाच अवधी. नंतर तो सगळा डबर डंपरमध्ये आणि तिथून खडीक्रशरमध्ये जातो. दुसऱ्या दिवशी त्याची खडी झालेली असते. अशा वेळी कुणी ठेकेदाराला विचारून, डोक्यावर शिरस्त्राण घालून, तो तुकडा बाजूला काढला तर त्याने वाचवलाच. आपल्याकडचा फार मोठा ठेवा असाच वाचला आहे. बोरघाटात १८५६ ते १८६३ या काळात रेल्वेसाठी डोंगर फोडला गेला, तेव्हा निघालेले नमुने विलायतेला पोचले. नाशिकजवळ पांडवलेण्यांच्या परिसरातल्या खाणींमधून पॉवेलाइटचे पिवळे स्फटिक आले. राहुरीजवळ मोमीन आखाड्याला विहीर खणताना हिरव्या अपोफिलाइटचे झुबके निघाले. खाण नसती, विहीर नसती, तर यातलं काहीच आपल्या डोळ्यांना दिसलं नसतं. खाणवाल्याला सरसकट खलनायक ठरवणं मला म्हणूनच पटत नाही.

पण आपला विषय बंद खाणीचा आहे. तिथे सुरुंग नाही, पोकलेन नाही, क्रशर नाही. मग "वाचवला" म्हणजे नेमका कशापासून?

हा प्रश्न स्वतःला विचारल्याशिवाय बंद खाणीत हातोडी उचलू नये, असं माझं मत आहे. चालू खाणीतलं समर्थन बंद खाणीत आपोआप लागू होत नाही. तिथे घाई नसते, आणि नसलेली घाई आपणच सोबत घेऊन जातो. आज मी नेलं नाही तर उद्या दुसरा नेईल, ही ती घाई. खडकाला आपल्यापासून धोका आहे म्हणून आपणच तो काढायचा, असा हा युक्तिवाद आहे. आणि तो प्रत्येक जण करतो.

नगर जिल्ह्यातल्या एका बंद खाणीत मी अशी एक पोकळी पाहिली आहे. माणूस आत बसू शकेल एवढी मोठी. एकेकाळी तिच्या छतावर आणि भिंतींवर गुलाबीसर स्टिलबाइट दाट बसलेलं असणार. मी पाहिली तेव्हा छत उघडं होतं आणि छिन्नीच्या ताज्या पांढऱ्या खुणा सगळीकडे होत्या. खाली घोट्यापर्यंत चुरा. तो चुरा हातात घेतला तर प्रत्येक कणाला मोत्यासारखी चमक असलेली एक बाजू होती, म्हणजे स्फटिक जिथे सपाट चिरतो ती बाजू. एक चांगला तुकडा अखंड निघावा म्हणून त्याच्या भोवतालचं सगळं फोडलं होतं. स्टिलबाइट मऊ असतं आणि एका पातळीत सहज फुटतं. घणाचा हादरा बसला की शेजारच्या हातभर अंतरातले स्फटिकही जातात. कुणाच्या तरी बैठकीत आज तो एक तुकडा असेल. तो बघणाऱ्याला या चुऱ्याची कल्पना येणार नाही.

अर्थात बंद खाण कायम सुरक्षित राहते असंही नाही. पुण्याच्या भोवतालच्या जुन्या खाणी पाहा. कुठे शहराचा राडारोडा येऊन पडतो, कुठे भराव घालून प्लॉट पाडतात. वाघोलीचंच उदाहरण घ्या. कॅव्हन्साइट हे निळ्या रंगाचं खनिज. कॅल्शियम, व्हॅनेडियम आणि सिलिका यांपासून बनलेलं. त्याचं पहिलं शास्त्रीय वर्णन १९७३ साली अमेरिकेतल्या ओरेगॉनच्या नमुन्यांवरून झालं. ते नमुने अगदी बारीक होते. मग वाघोलीच्या खाणींत ते सापडलं, पांढऱ्या स्टिलबाइटवर बसलेले गडद निळे गोळे, आणि जगभरचे संग्राहक वाघोलीचं नाव घेऊ लागले. आज वाघोली पुण्याचाच भाग झाली आहे. अशा ठिकाणी भराव पडण्याआधी कुणी रीतसर परवानगी घेऊन, फोटो आणि मोजमापं घेऊन नमुने काढले तर त्याला मी दोष देणार नाही. त्याने आधी जाऊन विचारलं पाहिजे : धोका खरोखर आहे का? केव्हा? कशाचा? या तीन प्रश्नांची उत्तरं हातात असली तर हातोडी उचलावी.

दुसरा मुद्दा. बंद खाण ही मेलेली जागा असते अशी आपली समजूत आहे. ती मला मोडायची आहे.

वेल्सच्या अँगलसी बेटावर पॅरिस माउंटन नावाचा डोंगर आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस तिथली तांब्याची खाण युरोपातल्या सर्वांत मोठ्या खाणींमध्ये गणली जायची. आज आत अंधार आणि आम्लयुक्त पाणी. ते पाणी जुन्या बोगद्यांमधून झिरपताना खडकातलं लोखंड आणि तांबं सोबत आणतं आणि छताला लोंबणारे, भिंतींवर पसरणारे रंगीत थर घडवतं. हे थर खाणकाम थांबल्यावर तयार झाले. खाणकामगार बाहेर पडल्यावर निसर्गाने त्या जागेत नवं काम सुरू केलं, असंच म्हणायला हवं. तांब्याच्या कुठल्याही जुन्या खाणीत निळे क्षार असे वाढलेले असू शकतात. त्यातले कित्येक पाण्यात विरघळणारे. घरी आणले, कोरड्या हवेत ठेवले, की पांढुरकी भुकटी होते. जे घरी आणल्यावर टिकणारच नाही ते आणायचं कशाला?

आपल्या दख्खनमध्येही अशी न टिकणारी खनिजं आहेत. लॉमॉन्टाइट नावाचं झिओलाइट घ्या. ओलसर खडकात ते घट्ट, अर्धपारदर्शक असतं. हवेवर आलं की त्यातलं पाणी उडू लागतं, ते पांढरं पडतं आणि बोटांनी चुरडलं जातं. ओकेनाइट तर आणखी नाजूक. मुंबईच्या कांदिवलीच्या जुन्या खाणींत, पुण्याकडे, जळगावकडे ते मिळालं आहे. फुटलेल्या कापसाच्या बोंडासारखा पांढरा गोळा, आणि प्रत्येक तंतू म्हणजे एक स्फटिक. मोह होतो, हात पुढे जातो आणि एका बोटाच्या स्पर्शाने तंतू चपटे होतात. ते परत उभे राहत नाहीत. असे नमुने सुखरूप काढायला आणि न्यायला वर्षानुवर्षांचा हात लागतो. तो नसेल तर कॅमेरा न्यावा.

आणि माणसांच्या खुणांचं काय? राजस्थानात उदयपूरजवळ जावर इथे जस्ताच्या प्राचीन खाणी आहेत. तिथल्या जुन्या खोदकामांमध्ये दोन हजार वर्षांहून जुने लाकडी आधार सापडले, आणि जस्त काढण्यासाठी वापरलेल्या मातीच्या मुशींचे ढिगारेच्या ढिगारे आजही उभे आहेत. आपल्या पूर्वजांनी जस्ताची वाफ करून ती पुन्हा थंड करण्याची विद्या कशी साधली, ते या मुशींवरून कळलं. वेल्समधल्या ग्रेट ऑर्मच्या डोंगरात १९८७ साली ताम्रपाषाण काळानंतरच्या, म्हणजे कांस्ययुगातल्या तांब्याच्या खाणी उजेडात आल्या. तिथे हाडांची हत्यारं आणि दगडी हातोडे मिळाले. कल्पना करा, त्याआधी एखादा खनिजप्रेमी तिथे शिरला असता आणि हिरवं मॅलाकाइट शोधताना हे ओबडधोबड गोल दगड त्याने पायाने बाजूला सारले असते. त्याला ते दगडच वाटले असते. बंद खाणीत शिरणाऱ्याला आपल्याला काय ओळखता येत नाही याचंही भान लागतं.

वटवाघळांबद्दलही एक वाक्य सांगतो. जुन्या बोगद्यांत त्यांच्या वसाहती असतात, पिल्लांच्या काळात उजेड आणि आवाज त्यांना घातक ठरतो. त्या काळात आत पाऊल टाकू नये.

इथवर दोन गोष्टी बोललो. वाचवण्याचा दावा तपासून घ्यावा, आणि बंद खाण रिकामी समजू नये. आता माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा मुद्दा, आणि तो आहे पत्त्याचा.

एक इंग्रज गृहस्थ होते, सर आर्थर रसेल. जन्म १८७८, मृत्यू १९६४. त्यांनी उभं आयुष्य ब्रिटनमधल्या खाणी पालथ्या घातल्या. कुठली खाण बंद पडणार असं कानावर आलं की ते तिथे जायचे. जुने संग्रह, जुन्या खाणकामगारांकडचे तुकडे, सगळं मिळवायचे. आणि प्रत्येक दगडाबरोबर हाताने लिहिलेली चिठ्ठी : कुठली खाण, कुणाकडून आला, केव्हा आला. बारा हजारांहून जास्त नमुन्यांचा तो संग्रह आज लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममध्ये आहे. ज्या खाणी बुजून गेल्या, ज्यांच्या तोंडावर आज गवत आहे, त्यांच्या पोटात काय होतं हे सांगणारा तो दस्तऐवज आहे.

त्याच देशात, त्याच पिढीच्या शेवटी, आर्थर किंग्जबरी नावाचे दुसरे संग्राहक होते. १९६८ मध्ये वारले. त्यांचाही संग्रह प्रचंड, त्यांच्या चिठ्ठ्याही नेटक्या. अमुक डोंगरात अमुक दुर्मीळ खनिज आपण शोधलं, असे त्यांचे शोध छापून आले. पण दुसऱ्या कुणाला त्या जागी ते खनिज सापडेना. पुढे संशोधकांनी नमुने बारकाईने तपासले आणि १९९८ मध्ये जाहीर केलं की किंग्जबरींच्या अनेक नोंदी बनावट आहेत. दुसरीकडचे, जुन्या संग्रहांतले, परदेशातले दगड घेऊन त्यांवर ब्रिटनमधल्या जागांची नावं लिहिली होती.

श्रोतेहो, विचार करा. या माणसाने डोंगर फोडला नाही. उलट, असं म्हणता येईल की त्याने खडकाला हातही लावला नाही. मग नुकसान काय झालं? नुकसान असं झालं की एका देशाच्या खनिजांच्या यादीवर शंकेची सावली पडली. कुठली नोंद खरी आणि कुठली खोटी हे शोधण्यात इतरांची वर्षं गेली. खोटा पत्ता लिहिणं हे खडक फोडण्याइतकंच मोठं नुकसान आहे. माझ्या मते त्याहून मोठं, कारण फुटलेला खडक दिसतो तरी.

आपल्याकडे काय स्थिती आहे? परदेशातल्या जुन्या संग्रहांत दख्खनच्या दगडांखाली "पूना, इंडिया" एवढंच लिहिलेलं असतं. त्या "पूना"मध्ये बोरघाट आला, नाशिक आलं, कधी जळगावही आलं. १८३१ साली ब्रूक नावाच्या खनिजशास्त्रज्ञाने इथल्या एका दगडाला "पूनालाइट" असं नवं नावही दिलं. नंतर ते मेसोलाइट हे आधीच माहीत असलेलं खनिज निघालं. अशा चुका शास्त्रात होतातच. १९०९ मध्ये फर्मर नावाच्या भूवैज्ञानिकांनी भारतातल्या मँगनीजच्या खाणींवर मोठा ग्रंथ लिहिला. नागपूर जिल्ह्यातल्या बेलडोंगरीच्या दगडाला त्यांनी व्रेडेनबर्गाइट म्हटलं आणि छिंदवाड्याकडच्या सितापारच्या दगडाला सितापाराइट. पुढे कळलं की पहिला हा दोन खनिजांचा एकमेकांत गुंतलेला गोफ आहे आणि दुसरा म्हणजे बिक्सबाइट. दोन्ही नावं मागे पडली. पण बघा, चूक दुरुस्त करता आली. बेलडोंगरी म्हणजे बेलडोंगरी आणि सितापार म्हणजे सितापार, हे पक्कं होतं म्हणून. नाव चुकलं तर चालतं, गाव चुकता कामा नये.

आणि आज बाजारात मुद्दाम गाव चुकवलं जातं, हे मला इथे स्पष्ट बोललं पाहिजे. चांगली जागा सापडली की व्यापारी तिचा खरा पत्ता सांगत नाही, नाहीतर दुसरा व्यापारी तिथे पोचेल. मग जळगावच्या दगडावर नाशिक लिहायचं, किंवा नुसतं "महाराष्ट्र". विकत घेणारा विचारत नाही. त्याला रंग हवा असतो, आकार हवा असतो. दगड विमानाने जातो आणि त्याची जन्मकथा इथल्या कुठल्यातरी गोदामाच्या कचऱ्यात राहते. सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात आपली माणसं रांगा लावून असे दगड बघतात, डोळे दिपून बाहेर पडतात. पण मुलाला "हा आपल्या शेजारच्या गावचा आहे" असं सांगता आलं, तर त्या दिपण्याला अर्थ येईल.

चौथा मुद्दा : हा दगड आहे कुणाचा?

बरेच जण समजतात की बंद खाण म्हणजे बेवारस जागा. बेवारस काही नाही. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ चं कलम ४८ वाचा. जमिनीतल्या खनिजांवर सरकारचा हक्क आहे आणि परवानगीशिवाय उत्खनन केलं तर दंड आहे. वर जमिनीचा मालक आहे, त्याची परवानगी वेगळी. "मी तर चार दगड खिशात घातले" हा बचाव फार थोड्यांच्या बाबतीत प्रामाणिक असतो. जो खरोखर चार दगड घेतो त्याला तलाठ्याकडे जाऊन विचारायला भीती वाटायचं कारण नाही.

पण कायद्यात न बसणारा एक हक्कदार आहे, आणि माझं मन त्याच्याशी अडतं. ही खाण खोदली कुणी? वडार समाजाच्या पिढ्या या दगडावर राबल्या. घण, पहार, छिन्नी यांच्यावर संसार चालले. पोकळी उघडी पडली की ती आधी मजुराच्या नजरेला पडते. कुठल्या थरात गारगोटी मिळते, कुठल्या आवाजावरून आत पोकळ आहे हे कळतं, हे ज्ञान त्याचं. तो तुकडा पोत्यात गुंडाळून घरी नेतो, दलाल येतो, दोन-चार नोटा देतो. तोच तुकडा पुढे परदेशात किती भावाने जातो याची त्याला कल्पना नसते, आणि कुणी द्यायचाही प्रयत्न करत नाही. आपण संग्रहालयात चिठ्ठी लिहितो तेव्हा देणगीदाराचं नाव लिहितो. ज्याने तो फुटू न देता काढला त्याचं नाव आपण का लिहीत नाही? मी असं म्हणतो की त्याची संमती घेऊन ते लिहावं, आणि पैशांतही त्याचा वाटा असावा. खाण बंद झाल्यावर तर त्याच्याकडे काहीच उरत नाही. धुळीने गेलेली छाती तेवढी उरते.

जाता जाता धोक्याचं सांगतो, कारण सभागृहात तरुण मंडळी बरीच दिसतात. भूमिगत खाणीत हवा कुजते. सडकं लाकूड आणि लोखंड-गंधकाची खनिजं प्राणवायू खाऊन टाकतात, कार्बन डायऑक्साइड खाली साचतो, वास काहीच येत नाही. माणूस बसतो आणि उठत नाही. आपल्या दगडखाणींत पाणी साठतं. कडा सरळ खाली गेलेला असतो, पाय ठेवायला उतार नसतो. दर उन्हाळ्यात पोहायला गेलेली मुलं तिथे बुडतात. दगडासाठी एकट्याने जाऊ नका. तुम्हाला शोधायला गावातले लोक आणि अग्निशमन दलाची माणसं उतरतात, त्यांच्या जिवाची जबाबदारी तुमच्यावर असते.

आता पुन्हा दगडाकडे. काही वेळा दगडाला जागीच ठेवणं हाच त्याचा सांभाळ असतो. मेक्सिकोत नाइका नावाची शिशाची खाण आहे. २००० साली सुमारे तीनशे मीटर खोलीवर एक गुहा लागली. आत जिप्समचे स्फटिक, त्यातले काही अकरा मीटर लांब. तापमान पन्नास अंशांच्या वर, हवा बाष्पाने जवळपास संपृक्त. संरक्षक पोशाखाशिवाय माणूस काही मिनिटंच टिकतो. शास्त्रज्ञांनी मोजमापं घेतली, नमुने तपासले. हे स्फटिक गरम पाण्यात अतिशय सावकाश वाढले होते, आणि खाणीच्या पंपांनी पाणी उपसल्यामुळे त्यांची वाढ थांबली होती. पुढे खाणकाम थांबलं, पंप थांबले आणि पाणी परत चढलं. गुहा बुडाली. लोक हळहळले. मला त्यात हळहळण्यासारखं काही वाटत नाही. ते स्फटिक त्यांच्या पाण्यात परत गेले आणि त्यांच्याबद्दल जे जाणता आलं ते आपल्याकडे लिहिलेलं आहे. त्याच खाणीत वरच्या पातळीवर १९१० मध्ये सापडलेल्या गुहेतले तलवारीसारखे स्फटिक मात्र वर्षानुवर्षं काढून नेले गेले.

मग करायचं काय? प्रमुख खनिजांच्या खाणींना बंद करण्याचा आराखडा द्यावा लागतो. दगडखाणींसारख्या गौण खनिजांच्या लहान पट्ट्यांनाही पर्यावरण मंजुरी लागते असं सर्वोच्च न्यायालयाने २०१२ च्या निकालात म्हटलं. या कागदपत्रांत झाडं किती लावणार हे असतं, कुंपण कुठे घालणार हे असतं. खडकाचा एक शब्द नसतो. माझी मागणी साधी आहे. दगडखाण बंद होताना जवळच्या महाविद्यालयाच्या भूगर्भशास्त्र विभागाला एकदा बोलवावं. त्यांनी कड्याचे फोटो घ्यावेत, थर मोजावेत, पोकळ्यांची नोंद करावी, आवश्यक तेवढे नमुने जिल्ह्यातच ठेवावेत. आणि कड्याचा एक भाग न फोडता, न बुजवता राखावा. भूवारशाच्या जतनासाठी केंद्राने २०२२ मध्ये कायद्याचा मसुदा आणला होता. प्रसिद्ध स्थळांसाठी असा कायदा हवाच. पण गावच्या बंद खाणीसाठी कायद्याची वाट पाहायची गरज नाही. ग्रामपंचायत, शाळा आणि खाणमालक यांनी मनावर घेतलं तर हे पुढच्या हंगामात होऊ शकतं.

आणि ज्यांच्या घरी आधीपासून दगड आहेत त्यांना? तुमच्यापैकी अनेकांच्या देव्हाऱ्याजवळ, शोकेसमध्ये, कुंडीत गारगोट्या असतील. वडिलांनी विहीर खणताना आणलेल्या, मामांनी धरणावर काम करताना दिलेल्या. ती आणणारी माणसं हयात असतील तर याच आठवड्यात त्यांना विचारा. कुठलं गाव, कुठला मळा, किती हात खोल, साल कुठलं, शेजारी आणखी काय होतं. जे ठाऊक नाही ते लिहू नका, अंदाज असेल तर अंदाज असं लिहा. पेन्सिलीने लिहा, शाई ओलीने पसरते. दगडाच्या मागच्या, स्फटिक नसलेल्या बाजूला पांढऱ्या रंगाचा छोटा ठिपका द्या, तो वाळला की त्यावर क्रमांक घाला आणि तोच क्रमांक चिठ्ठीवर. बाहेर पुस्तकांच्या टेबलावर मी कोऱ्या चिठ्ठ्यांचे गठ्ठे ठेवले आहेत, त्यांवर हे रकाने छापलेले आहेत. जाताना लागतील तेवढ्या घेऊन जा.